सदतीसपर्यंतचे आकडे

माझ्या आईला आकडे येत सदतीसपर्यंत.
त्यापुढचे लागलेच नाहीत तिला कधी,
हुएतेंगच्या बाटलीत गोळ्याच तेवढ्या असतात.

सकाळी सातला आणि दुपारी तीनला
ती बारांगायच्या दारोदार जायची, छत्री बगलेत,
खिशात शाळेच्या वहीचे फाटके कागद.
लोक तिला आधी स्वप्नं सांगायचे, मग पैसे द्यायचे.
क्रिसान्ताच्या स्वप्नात मेलेला नवरा आला, ओले बूट घालून.
आई म्हणायची, मेलेला माणूस चार, पाणी एकवीस.
पाच पेसो.
पावती नाही. सही नाही.
आपण पाच दिले की दहा, यावरून
चाळीस वर्षांत तिच्याशी कुणी भांडलं नाही.

बेकायदा होतं सगळं.
म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी
सार्जंट दुमालागन यायचा, मोटारसायकल चालूच ठेवून,
माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारायचा, अभ्यास करतोस ना?
करत होतो.
त्याला देऊन उरलेल्या पैशांतून.

निवडणूक आली की आईच्या कागदांना भाव चढायचा.
कोणत्या घरात किती माणसं, कोण सौदीला गेलंय,
कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळली पण अंगठा अजून उमटतो,
हे तिच्याइतकं नगरपालिकेलाही ठाऊक नव्हतं.
हिरवे यायचे, जांभळे यायचे.
दोघांचीही पाकिटं तिनेच वाटली
आणि दोघांनाही सांगितलं, पोचली.
पोचली होतीच.
कोणाला मत दे, असं मात्र ती कधी बोलली नाही.
"आकडा ज्याचा त्याने सांगायचा."

ती संत होती असं मला म्हणायचं नाही.
सोडत कधीकधी ठरवून निघायची,
ज्या आकड्यावर पैसा कमी तोच वर यायचा,
आणि हे तिला माहीत होतं.
त्या रात्री ती भात कमी खायची.
सकाळी सातला पुन्हा छत्री.

मग कायदा आला.
जांभळ्यांचे नोनातो बालिंदोन प्लाझात उभे राहून म्हणाले,
या गावातून जुगार हद्दपार करीन.
टाळ्या वाजल्या. टाळ्यांचे दोनशे मिळाले होते.
निवडून आल्यावर त्यांनी जुगाराचं नाव हद्दपार केलं.
लॉटरी म्हणायचं आता. परवाना मेव्हण्याच्या कंपनीला.
तेच सदतीस, तीच बाटली, फक्त काचेच्या पेटीत;
मुलींना इस्त्रीचे टी-शर्ट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र,
हातात यंत्र, यंत्रातून पावती.
आईनेही अर्ज आणला होता.
"शिक्षण" या रकान्यात काय लिहू, तिने मला विचारलं.
मी, मास्तर, गप्प बसलो.

दुमालागन एव्हाना लेफ्टनंट झाला होता.
त्याने मोटारसायकल बंद केली तेव्हाच मी समजलो.
विनापरवाना आकडे गोळा केल्याबद्दल
एक रात्र कोठडी. छत्री जप्त.
क्रिसान्ता डबा घेऊन गेली आणि गजांतून हळूच
पाच पेसो आत सरकवले.
नवरा पुन्हा आला होता.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी मी मतदान केंद्रावर होतो,
सरकारी भत्त्यावर, शिक्षक म्हणून.
यंत्राला सील, सीलवर सह्या, सह्यांवर शिक्के,
दाराशी शिपाई, वर कॅमेरा.
तरी रात्री दोनपर्यंत हिरवे ओरडत होते, चोरी,
आणि जांभळे ओरडत होते, चोर तुम्हीच.
माझी सही कुणी वाचलीसुद्धा नाही.

पण ते रात्रीचं. दुपारी आई आली होती.
शाई लावायला तिचं बोट हातात घेतलं
तर तिथे बॉलपेनची निळी आधीच, भेगांत मुरलेली.
मी बाटली धरून तसाच थांबलो.
"लाव की," ती म्हणाली,
मग दारावरच्या पाटीकडे बघत, कानाशी वाकून,
"एकोणीस नंबरची खोली ना तुझी?
क्रिसान्ताला सांगते."