शेऱ्याचा रकाना

म्हापसा नगरपालिकेच्या घरपट्टीत दहा टक्के सूट,
जो कोणी छपराचं पाणी जमिनीत सोडील त्याला.
मी तपासणीस. फोंडू टेपचं दुसरं टोक धरतो.
एप्रिल संपत आलाय, काजूचा वास विरून गेलाय,
पुलाखाली तार नदी हिरवट, जाड,
भांड्याच्या तळाशी राहिलेल्या कालवणासारखी.

अल्तिनोवर कुंडईकरांचा बंगला.
पाइप पांढराशुभ्र, गाळणीला स्टीलची टोपी,
खड्ड्यावर काच, काचेखाली गोटे मांडलेले
एका मापाचे, धुतलेले.
फोंडूने वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.
पाइप भिंतीत शिरत होता
आणि पलीकडे निघत नव्हता.
पावती होती, फोटो होता, अक्षांश-रेखांश होते.
पाइप पलीकडे निघावा असं नमुन्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.
मी सही केली.
चहा बरा होता. वेलची जास्त.

अन्साभाटात लुदोविना मेंडोन्सा.
अर्ज शाईच्या पेनाने, अक्षर शाळेतल्या बाईंचं,
'छपराचे क्षेत्रफळ' यापुढे लिहिलेलं:
पाच खोल्या आणि बाल्कांव.
कौलांच्या कडेला पोफळीचा उभा चिरलेला सोट,
त्याच्याखाली दुसरा, मग तिसरा,
उतरत उतरत विहिरीपर्यंत.
विहीर चिऱ्यांची. कठड्यावर दोरीने पाडलेल्या खाचा,
बोट घातलं तर पेरभर आत गेलं.
कधी बसवलं हे, मी विचारलं.
ती म्हणाली, पोफळ दर तीन वर्षांनी बदलते,
बाकीचं मला ठाऊक नाही,
मी या घरात लग्न होऊन आले.

योजनेच्या तारखेआधीचं काम धरत नाहीत.
पोफळीची पावती कोणी देत नाही.
तिची घरपट्टी चारशे बारा,
सूट बसली असती तर एकेचाळीस रुपये वीस पैसे.
मी हे सांगत होतो आणि ती पोहरा सोडत होती.
दोरी हातातून जात राहिली, जात राहिली,
मग खाली, बरंच खाली,
तो आवाज.
फोंडू हसला, कारण नसताना.

"बाब, उदक पियेता?"
प्यालो. चिऱ्याची चव, थोडी लोखंडाची.

मग तिने मागचं दार उघडलं.
शेजारी नवी इमारत, आवारभर टाइल्स,
माती नखाएवढीसुद्धा उघडी नाही.
पावसात तिथलं सगळं पाणी भिंतीखालून हिच्या चुलीशी येतं.
भिंतीवर कोळशाच्या चार रेघा, प्रत्येकीपुढे साल,
दरवर्षीची आधीच्या वर,
वाढत्या पोराची उंची मोजावी तशा.
"त्यांचं पाणी मी बादल्यांनी विहिरीत नाही ओतू शकत,
घाण असतं. अंगणात ओतते. तीही जमीनच ना?
याचं काही असेल तुमच्या कागदात."

त्या इमारतीची सूट फेब्रुवारीत मंजूर झाली.
सही कोणाची, ते मी तिला सांगितलं नाही.

कागदात अकरा रकाने. मी तो उलटूनही पाहिला.
शेवटचा शेऱ्याचा. तिथे आम्ही 'पात्र' लिहितो
किंवा 'अपात्र', आणि खाली तारीख.
मी लिहिलं:
स्थळपाहणी केली. पाणी आहे.

जुलैत फाइल परत आली, लाल शाईत:
पाणी कोणत्या योजनेअंतर्गत आहे, ते स्पष्ट करावे.
मुदत सात दिवस.

आज सातवा. मी दोनदा लिहून खोडलं.
खिडकीखाली बाजाराचं गटार तुंबलंय,
फोंडू मांडीभर पाण्यात, जाळीत अडकलेली
कोणाची तरी गादी ओढतोय.
वर बघून ओरडला,
"सायब, दोरी आहे का, दोरी?"

मी खण उघडला.
टेप होती. शिक्के होते.