हद्द कायम मोजणी

शार्दूलला दिवाळीच्या सुट्टीतच कंटाळा आला.
म्हणाला, यात काही होतच नाही, आई,
नुसतं जायचं आणि मोजायचं.
म्हटलं, दे इकडे.

सुरुवातीलाच नाव विचारलं.
रकाना दिसला की माझा हात आपोआप चालतो,
सव्वीस वर्षांची सवय.
लिहून मोकळी झाले: हवेली.
नाव नव्हे, तालुका.
आता बदलता येत नाही म्हणे.

तर धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
भांडी पालथी घातली की
आवाज शून्यावर ठेवून मी निघते.
खाली कात्रजची शेवटची बस रिकामीच वळते,
इकडे पडद्यावर एक तांबडा तारा
फुंकलेल्या कोळशासारखा हळूहळू उजळतो.

काय काय पाहिलं म्हणून सांगू.
एका ग्रहाचं वर्ष चार तासांत संपतं,
दिवस मात्र संपता संपत नाही.
तिथं नोकरी असती तर सोमवारीच निवृत्त झाले असते.
एक चंद्र कड्यांच्या आतून फिरतो;
त्यावर उतरलं की आभाळात मधोमध पांढरी रेघ,
एका दमात ओढलेली, कुठं शाई न पसरलेली.
इतकी सरळ रेघ उरुळीत मला कधी जमली नाही.
कुणीतरी येऊन बोट ठेवतंच:
बाई, इथं चिंच होती.

आणि एके ठिकाणी चार ग्रह एकाच वाटेवर,
पुढंमागं, सारखं अंतर राखून.
तीन रात्री थांबले तिथं.
कुणी कुणाच्या वाटेत खांब रोवला नव्हता.
ज्यानं हे रचलं
तो फुरसुंगीला कधी आला नसणार.

गुरुवारी मी फुरसुंगीलाच होते.
दोघे भाऊ. मोठा बुलेटवर, धाकटा पायी.
मोठ्यानं पंचांना चहा सांगितला,
धाकट्यानं घेतला नाही.
यंत्र लावलं, दोन दगड सापडले,
तिसरा सापडेना.
नकाशावरची रेघ सरकत सरकत
गेली ती सरळ विहिरीत.
हिरवं पाणी. एक कासव.
दोघेही काठावर वाकून बघत राहिले,
जणू दगड तरंगत वर येईल.
मोठा म्हणाला, बाई, काय ते लिहा एकदाचं.
धाकटा चपलेतला खडा काढत राहिला,
खडा निघाल्यावरही.

त्या रात्री ती जोडी सापडली.
दोन ग्रह, जवळजवळ एकाच वजनाचे.
सूर्य लांब, कामापुरता.
एकमेकांकडं तोंड करूनच फिरतात,
पाठ दाखवत नाहीत, जवळही येत नाहीत.
एकावर उतरावं तर दुसरा डोक्यावर तसाच,
ना उगवत, ना मावळत.
ज्या बिंदूभोवती फिरतात तिथं काय असेल?
गेले ना मी, जहाज घेऊन, बरोबर त्या जागी.
काही नव्हतं.
दोन्हीकडं दोन अर्धे उजळ गोल
आणि मधल्या काळोखात,
कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेल्या जागेत
खुर्चीवर मांडी घालून मी.
स्वयंपाकघरात फ्रीज सुरू झाला, बंद पडला.

निघताना नोंद आपोआप पडली:
प्रथम शोध, हवेली.
फिनलंडचा नाहीतर कोरियाचा कुणी
पोचेल इथं कधीतरी, वाचेल,
आणि डोकं खाजवेल, हा हवेली कोण बुवा.

शुक्रवारी नकाशा पक्का करायचा होता.
बांधापर्यंत सलग आणली,
विहिरीवर मी रेघ तुटक काढली.
साहेबांनी चष्मा वर केला. ही अशी का?
म्हटलं, पाणी आहे, साहेब.