दुसरी किल्ली

दांडिया बाजारातल्या आमच्या घराला
किल्ली आहे, असं ऐकून होते.
पाहिली नव्हती कधी.
दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान,
आणि दार दिवसभर नुसतं लोटलेलं.
हंसाबेन यायच्या लीलो चेवडोची वाटी घेऊन,
दूधवाला यायचा, बोका यायचा,
आत कुणी ना कुणी असायचंच
खोकणारं, भांडणारं, रेडिओ लावून झोपलेलं.
एकटं बसायची जागा एकच, संडास,
तिथेही बाहेरून विचारायचे: किती वेळ?

ब्रेमेनला घरमालकानं टेबलावर
दोन किल्ल्या ठेवल्या, सही घेतली.
एक तुमची, म्हणाला, एक तुमच्या माणसाची.
त्याची भाषा तेव्हा मला दहातली दोन वाक्यं कळायची.
हे नेमकं कळलं.

वर्षभर ती ड्रॉवरमध्ये पडून होती,
सुईदोरा, हिंगाची डबी, न लागणारे अडॅप्टर यांच्यात.
ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवून पाहिला;
आपला हात कपाळाइतकाच गरम असतो,
काही कळत नाही.
रविवारी फोनवर, सगळं मस्त.

नोव्हेंबरात एका रात्री
कचरा टाकायला म्हणून सपातांवर उतरले
आणि वर आले तर दार बंद.
फोन आत, कोट आत.
नंबर पाठ होता तो एकच,
बडोद्याचा, लँडलाइनचा,
जी आम्ही कधीच काढून टाकली.
जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी जायचा,
हात हलवला की यायचा.
तीन तास मी
कुणालाच नाही असा हात करत होते.

मग वरच्या एमिनेबाई रात्रपाळीहून आल्या.
त्यांनी काही विचारलं नाही. शाल दिली,
कुणाला तरी फोन लावला.
दार उघडायला चाळीस सेकंद लागली,
पैसे एकशे ऐंशी युरो.
त्याचे रुपये किती
ते मी पहिल्यांदाच मनात केले नाहीत.

आता अकरा दिवसांसाठी आलेय.
सेव-उसळ खाऊन परतताना
विश्वामित्रीच्या पुलावर बाबा थांबले,
खाली मगर दिसते का बघायला.
बघता बघता म्हणाले,
ती तुझी दुसरी किल्ली असेल ना,
ती इकडे असू दे. खिळ्याला लावून ठेवतो,
स्कूटरच्या शेजारी.
काय सांगता येतं.

सहा-साडेसहा हजार किलोमीटर, बाबा.
हसायचं होतं. हसले नाही.
दिलीय एकीला, म्हटलं.
कोणाला?
वर राहतात. एमिने.
ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
मगर काही दिसली नाही.
पक्की बाई आहे?
पक्की.
मग बरं झालं, म्हणाले,
आणि स्कूटर दोन किकमध्ये सुरू झाली नाही
तेव्हा तिलाच काहीबाही बोलले.

आज दुपारी रावपुऱ्यात जाऊन
त्यांनी एक किल्ली करून आणली, पितळी, जडशी.
ही ठेव. आता दुपारी आम्ही दार लावून झोपतो.
हंसाबेन गेल्या मुलाकडे, आणंदला.
हिच्या कानांना बेल ऐकू येत नाही नीट.
सगळं एका दमात सांगून
ते पंख्याचा रेग्युलेटर बघायला उठले,
जो ठीकच होता.

रात्री बॅगा बांधून झाल्यावर
मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं.
टक्.
जिन्यात काळोख. सवयीनं हात हलवला.
इथे बटण दाबावं लागतं.
नाही दाबलं.
भोक चाचपडत किल्ली घातली,
आधी उलटी, मग सरळ.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा
हे दार मी बाहेरून उघडत होते.

आतून आई, अर्ध्या झोपेत:
कोण आलं?
मीच, म्हटलं.
झोप तू.