केळीच्या तळ्यापर्यंत

शुक्रवारी पहाटे सोहारहून निघालो,
वाल्देमीर आणि मी, माझ्या जुन्या सनीतून.
डब्यात दशम्या, त्याच्या थर्मासात
डांबरासारखी काळी, पाकासारखी गोड कॉफी.
त्याचं इंग्रजी मोडकं, माझं वाकडं,
मधल्या फटीतून बरं चालतं.
रस्त्यात चारदा विचारलं त्याने,
डोंगर खरंच हिरवा आहे ना?
मी म्हटलं, नावात तरी आहे. अख्दर.

निझवात आधी बकऱ्यांचा बाजार.
माणसं गोल बसलेली, बकऱ्या गोल फिरवलेल्या,
दोरी धरणारे आपापला आकडा ओरडत.
वाल्देमीरने कपाळावरची माशी हाकलली
आणि सत्तर रियालची बोली त्याच्या नावावर पडली.
सगळा बाजार हसला,
खंजर खोवलेला म्हातारासुद्धा.
बकरी तेवढी गंभीर राहिली.

शहर बेताचं. धुळ्याहून लहान,
धूळ मात्र तीच.
किल्ल्याखाली हलवेवाल्याने बोटावर गरम हलवा ठेवला.
तो चाटत वाल्देमीर म्हणाला,
आमचंही एवढंच. मिनासमध्ये.
एक देऊळ (तो चर्च म्हणाला, मी देऊळ ऐकलं),
एक बस स्टँड,
आणि कुठल्याही गल्लीतून दिसणारा डोंगर.
म्हणजे दिसायचा.

बिरकत अल मौझच्या पुढे चौकी.
पोलीस पोरगेलाच.
वाकून त्याने सनीच्या चाकांकडे पाहिलं,
वैद्य नाडी बघतो तसं.
फोर व्हील?
नाही.
मग नाही.
वर डाळिंबं, वर गुलाबाच्या भट्ट्या,
वर म्हणे जानेवारीत पाणी गोठतं.
आमच्यासमोर बांबूची आडवी काठी
आणि तिच्यामागे डोंगर,
हिरवा अजिबात नाही,
शेकोटी विझल्यावर उरतो त्या रंगाचा.

मग खाली उतरलो, गावात.
बिरकत अल मौझ म्हणजे केळीचं तळं,
हे मी त्याला ऐटीत सांगितलं, जणू नाव मीच ठेवलं होतं.
पडक्या मातीच्या घरांखाली केळीच केळी,
आणि मधून फलज,
हातभर रुंद, वाहतं, गार.
मी उभाच राहिलो.
हा तर पाट.
साक्रीला माझे वडील पाटकरी होते,
पांझरेच्या फडावर.
कुणाचं पाणी कधी तोडायचं, कुणाला कधी द्यायचं,
हे त्यांच्या फावड्यावर.
घड्याळ नव्हतं. सावली बघायचे.
इथेही चौकात एक काठी रोवलेली
आणि जमिनीवर रेघा.
एक रेघ म्हणजे एका घरची पाळी.

वाल्देमीर बूट काढायला बसला.
लगेच कुणीतरी ओरडलं,
भिंतीच्या सावलीतला, खांद्यावर फावडं असलेला.
हाताने खूण: खाली, खाली.
वरचं पाणी प्यायचं,
मग वजूचं, मग आंघोळीचं,
पाय सगळ्यात शेवटी, केळीच्या तोंडाशी.
आम्ही शाळकरी पोरांसारखे खाली गेलो.

कारखान्यात मी गेज वाचतो.
जहाजातून लाल भुकटी येते,
तिच्या आम्ही गोळ्या वळतो, भाजतो, पुढे पाठवतो.
सहा वर्षं.
भुकटी कुठली, कधी विचारलं नव्हतं.
पाय सोडून बसल्यावर तो म्हणाला,
आई फोनवर म्हणते, आता खिडकीतून
पलीकडच्या गावाचे दिवे दिसतात.
मधला डोंगर तू तिकडे नेलास, म्हणते.
आणि हसला.
मला हसावं की नाही कळेना.

त्याच्या बुटाच्या शिवणीत, मोज्यात, नखांत
ती लाल भुकटी होतीच.
पाण्यात तिची दोऱ्याएवढी रेघ निघाली,
हलली, लांबली,
केळीकडे वळली.
फावडंवाला येऊन बघत राहिला.
मी म्हटलं, माती आहे.
कुठली? त्याने विचारलं, अरबीत.
एवढी अरबी मला येते.
उत्तराएवढी येत नाही.

दशम्या आम्ही तिथेच खाल्ल्या, तिघांनी.

परतताना इज्कीच्या वळणापर्यंत
डोंगर मागच्या काचेत होता.
वाल्देमीर पट्टा ताणून
मागे वळून बसलेला.
मी गाडी साठवर ठेवली.
मागचे हॉर्न देत होते.