एकशे एकतीस रात्री

अर्जातला सातवा प्रश्न:
मागचे बारा महिने मुक्काम कुठे होता?
उत्तराला एकच ओळ, तीही आखूड.

मी लिहिते, व्हँकुव्हर, आईकडे.
कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टन राज्यातलं,
हे आम्ही जन्मभर सांगत आलोय.
आणि पेन थांबतं,
कारण नदीपलीकडे, पोर्टलंडमध्ये, दुसऱ्या राज्यात,
माझी एक खोली आहे
आणि तिच्या खिडकीत मी लावलेलं निवडुंग.

मधे कोलंबिया.
मधे तो जुना लोखंडी पूल,
उंच जहाज आलं की जो स्वतःला उचलून धरतो
आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या ताटकळतात.
नवव्या वर्षापासून मी तिथे ताटकळले आहे,
मांडीवर क्लॅरिनेटची पेटी,
दातांचा रिटेनर नेमका मागच्या घरी राहिलेला.
दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याला लोक नावं ठेवतात.
मला तर कोर्टानेच तसं वाढवलं.

राज्यातल्या मुलीची फी एक,
बाहेरच्या मुलीची जवळपास तिप्पट.
मधला फरक म्हणजे आईची गाडी,
तसलीच आणखी एक,
आणि गळकं छप्पर.

कचेरीतल्या मिस होल्ट फोनवर मायेने बोलल्या:
दिवसांचं आम्हाला काही नसतं गं,
रात्री कुठे झोपलीस तेवढं सांग.
आणि टॅक्सच्या कागदावर तू कुणाची?

टॅक्सच्या कागदावर मी
सम वर्षी आईची, विषम वर्षी डॅडची.
हे वर्ष विषम.
मग डॅडचं प्रतिज्ञापत्र लागेल, त्या म्हणाल्या,
की मॅरन त्याच्याकडे राहत नव्हती.

हा तोच माणूस
ज्याने पिकअप विकून वकिलाचे पैसे भरले,
एका बुधवारासाठी.
दर बुधवार, रात्रीसकट.
न्यायाधीशबाई 'रात्रीसकट' म्हणाल्या
तेव्हा तो बाहेर येऊन
पार्किंगच्या कठड्यावर बसून राहिला होता, बराच वेळ.
मला वाटलं, आपण हरलो.

आता तो गोदीतून येतो,
दिवसभर जहाजांची पोटं सांधून,
वेल्डिंगने चटकलेल्या बोटांनी
फ्रिजच्या बाजूचं कॅलेंडर उतरवतो.
माझ्या प्रत्येक रात्रीला निळा ठिपका.
मला माहीत नव्हतं.
मोजतो. एकशे एकतीस.
पुन्हा मोजतो, मागून पुढे.
तेवढेच.

"कमी आहेत ना?"
"हो डॅड. कमी आहेत."
"मग बरंय."

फेब्रुवारीत एक ठिपका अर्धाच रंगवलेला.
हे काय, मी विचारते.
"बर्फ पडणार होता. जेवलीस इथे,
साडेदहाला तुला तिकडे सोडलं."
अर्धी रात्र धरली नाहीस?
"त्यांच्या नियमात अर्धं कुठाय?"

बँकेतला नोटरी, ब्रायस नावाचा,
माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल.
पाठ केलेलं विचारतो, वरचा मजकूर खरा आहे ना?
डॅड टोपी काढतो. एरवी फक्त जेवताना काढतो.
"आकडा खरा आहे," म्हणतो.
ब्रायस क्षणभर बघतो,
हे उत्तर चालतं का, हे त्याला शिकवलेलं नसावं.
मग शिक्का मारतो.

जूनमध्ये पत्र आलं. रहिवासी.
आईने ते दोनदा मोठ्याने वाचलं,
छपरावाल्याला फोन लावला.
मी डॅडला लावला.
मागे ग्राइंडरचा आवाज, मग आवाज बंद.
"छान," तो म्हणाला.
आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबले,
तोही थांबला,
जसं पूल वर असताना थांबतात,
इंजिन बंद करून.

मग म्हणाला,
"बुधवारी येशील तेव्हा आठवण कर.
रिटेनर राहिलाय तुझा."