हातचा

लोर्ना कावी, वय सेहेचाळीस.
फ्रेझरबराच्या मासळी कारखान्यात एकोणीस वर्षं
पगारपत्रक तिच्या हाती.
कारखाना बंद झाला तेव्हा शेवटचं पाकीट तिनं भरलं
ते स्वतःचं,
आणि पोच घेतली स्वतःकडूनच.

आता स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन माहितीपत्रकं.
तिन्हींवर हिरवळ, हिरवळीवर पोरं,
अशी हसताहेत
की जन्मात कुणी पावती मागितली नसेल त्यांना.

तिनं वहीत रकाने आखले, पट्टी न घेता, सरळ:
बसभाडं किती.
फी सरकार भरेल म्हणतात, पण पुस्तकं?
सनदीच्या परीक्षेत किती पेपर माफ.
घरी यायला किती वाजतील, हिवाळ्यात.
आणि कडेला एक रकाना, बिननावाचा.
त्यात ती काहीच लिहीना.

कॅलम म्हणाला, आई, आधी रँकिंग बघ गं.
सँडी काही बोलला नाही.
गाडीतलं तेल पाहिलं, काच पुसली,
पुसलेली काच पुन्हा पुसली.

पहिलं कॉलेज अख्खं काचेचं.
दारातला मुलगा अदबीनं म्हणाला, आणि आपली मुलगी?
येतेय मागून, ती म्हणाली.
मुलगी नाहीच तिला.
मग दिवसभर गळ्यात 'पालक' अशी चिठ्ठी,
वसतिगृहाच्या गाद्या, जेवणाचे पास,
एकटेपणा वाटला तर कुठला नंबर फिरवायचा.
एका खोलीत शेअरबाजाराचा देखावा मांडलेला:
पडदाभर आकडे पळत होते, हिरवे, तांबडे,
कुणाच्याच खिशातून न निघालेले.

दुसरं डंडीत.
ओल्या कोटांचा वास, खोलीत ठोके देणारा हीटर.
ओगुनलेये नावाच्या बाई, लेगॉसच्या, खडूवाल्या,
फळ्यावर ताळेबंद मांडत होत्या
आणि तो जमेना.
नऊ पौंडांचा फरक.
पंधरा कुटुंबं आपापल्या बुटांकडे बघू लागली.
बाई मागं सरकल्या, पुढं आल्या, म्हणाल्या,
माझंच काहीतरी चुकलंय, थांबा.
असं म्हणणारा साहेब
लोर्नानं एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता.

तिसरी ओळ, ती मागून म्हणाली.
हातचा राहिलाय.

बाईंनी बाहीनंच पुसलं. मांडलं. जुळलं.
कुठं शिकलात?
मासळीत.
खोली हसली, लोर्नाही हसली, उशिरा.
आणि मुलगा की मुलगी आहे बरोबर?
कुणी नाही. मीच.

परतताना समुद्र डाव्या हाताला
की उजव्या, तिला कळलं नाही.
वर्षाअखेरीला ती घसारा लिहायची:
सुऱ्या, पट्टे, गोठणखोली, दोन ट्रक,
दर साली ठरलेला टक्का वजा.
गटाराच्या जाळीलासुद्धा खातं होतं.
मार्गरेट डफच्या मनगटाला नव्हतं,
बत्तीस वर्षं हॅडॉक सोलणाऱ्या,
जिला आता किटलीचं झाकण उघडत नाही.
हा खर्च कुठं दाखवतात,
हे दोन्ही कॉलेजांत विचारायचं राहून गेलं.

तिसरं पत्रक उघडलंच नाही.
घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं.
अर्जात प्रश्न होता: हाच विषय का निवडला?
जागा भरपूर. तिनं एक ओळ लिहिली,
त्यातले दोन शब्द खोडले.

मध्यरात्री उठून वही काढली पुन्हा.
काचेच्या बाजूला बसभाडं कमी होतं, पेपर जास्त माफ,
बेरीज स्वच्छ त्यांच्याच बाजूनं पडत होती,
आणि बेरजेशी तिनं कधी खोटेपणा केला नव्हता.

बिननावाच्या रकान्यात, डंडीसमोर,
पेन्सिलीनं लिहिलं: नऊ पौंड.
मग पेन घेऊन
तेच पुन्हा गिरवलं.

वर सँडी कूस बदलत विचारत होता,
जमलं का गं?