एक दिवसाआड

आज पाण्याचा दिवस.
साडेपाचला नळ येईल, त्याआधी
यांची राखाडी पँट काढली धुवायला,
सूरहून आल्यापासून बॅगेतच पडलेली.
पायाची दुमड उलगडली तर आत वाळू.
चमचाभर असेल.
लोकमान्य नगरच्या मोरीत
ओमानचा समुद्र, चमचाभर.

गावाचं नावच सूर.
"बेसूर तर नाही ना?" यांनी विमानतळावरच विचारलं,
आणि जावई हसला, जरा उशिरानं.
शुक्रवार-शनिवार धरून चार दिवस,
भाड्याचं पांढरं घर, खिडक्यांच्या काचांवर मीठ.
ऋजुतानं सगळ्यांना टोप्या घेतल्या,
निळ्या, सारख्या,
शाळेची सहल निघाल्यागत.

एकतीस वर्षं हे पाणीपुरवठ्यात होते.
पहाटे चारला सायकल, हँडलला पान्याची पिशवी.
अन्नपूर्णेकडचा व्हॉल्व्ह आधी, मग सुदामा नगर,
या गल्लीला पाऊण तास, त्या गल्लीला अर्धा.
जलूदहून डोंगर चढून आलेली नर्मदा
यांनी चावी फिरवून फिरवून वाटली
आणि शिव्या खाल्ल्या,
मराठीत वेगळ्या, माळवीत वेगळ्या.
लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी वाकून म्हणायचं,
"साहेब, आमच्याकडे थेंब नाही येऊन राहिला."

त्या माणसानं एकाहत्तराव्या वर्षी
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि जन्मात पहिल्यांदा समुद्रात पाय घातला.
मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.
बराच वेळ नुसतेच बघत राहिले.
मग नातवाला म्हणाले,
"प्रेशर चांगलं आहे."

नीरदला त्यांनी चर खणायला शिकवलं,
उतार कसा द्यायचा, वळणावर काय करायचं.
लाट आली की सगळं सपाट.
"लाइन फुटली," हे ओरडायचे,
आणि दोघं पुन्हा खणायला.
मी इंदूरहून नेलेली लौंगवाली शेव उघडली,
वाऱ्यानं तिच्यात वाळू घातली,
आम्ही करकर वाजवत खाल्ली तशीच.

तेव्हाच ऋजुता शेजारी येऊन बसली.
"आई, कॅनडाचे कागद आले.
बाबांना तू सांग. हळूहळू."
मी विचारलं, "किती वर्षांसाठी?"
ती टोपीचा बंद सोडत राहिली, बांधत राहिली.
समोर यांची पाठ, ओला शर्ट चिकटलेला.
हळूहळू म्हणजे किती,
ते विचारायचं राहून गेलं.

तीन आठवडे झाले.
हे भाजीवाल्याला समुद्र सांगतात,
बँकेत पासबुकाच्या रांगेत सांगतात.
जुन्या ड्युटीच्या डायरीत
व्हॉल्व्हच्या वेळांपुढे कोऱ्या पानावर
भरती-ओहोटीच्या वेळा लिहून आणल्यात.
"रोज पाऊण तास उशिरा येतं बघ,
आणि तक्रार एक नाही!"
खाली रेघ मारून लिहिलंय: पुढच्या वर्षी
पौर्णिमा बघून जाणे.
त्या रेघेवरून मी रोज केरसुणी फिरवावी तशी नजर फिरवते,
आणि चहा टाकते.

आता हे मोरीच्या दारात.
"वाळू मोरीत नको सोडू, पाइप चोक होईल,"
म्हणून लोणच्याची रिकामी बाटली घेऊन आलेत,
पुसून, कोरडी करून.
दोघं वाकून दुमड झाडतो.
दाणे बाटलीच्या बुडाला लागतात, आवाजही होत नाही धड.
त्यांच्या हाताला अजून पान्याचा घट्टा आहे,
मी त्या घट्ट्याकडे बघत म्हणते,
"अहो, ऐका ना, ऋजुता..."

नळ फुस्स करतो.
खाकरतो, थरथरतो, गप्प होतो.
हे तोटीखाली तळवा धरून उभे,
माझ्याकडे न बघता म्हणतात,
"थांब.
आधी हवा निघू दे.
मग येईल."